विकण्याआधी घराला हात लावताना

सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, हे आकडे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि गावभाग, दत्तनगर, कर्नाळ रोड, शामरावनगर या भागांतल्या तळमजल्यांत दिवसचे दिवस ठाण मांडून बसलं. 2021 च्या जुलैत ते पुन्हा आलं. अशा भागातलं घर विकायचं ठरलं की घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो रंगाचा. चार डबे डिस्टेंपर, दोन पोती पुट्टी, सुट्टीचे आठ-दहा दिवस, आणि घर कसं नव्यासारखं दिसेल, असा तो हिशेब. पण तळमजल्याच्या भिंती कोऱ्या करकरीत आणि वरच्या मजल्यावरच्या जुन्याच, असं घर पाहायला आलेला सांगलीकर भिंतीच्या रंगाचं कौतुक करत नाही. तो विचारतो, पाणी कुठवर आलं होतं? म्हणजे रंगावर खर्च केला तो घेणाऱ्याला खूश करण्यासाठी, आणि त्यातून निघाला तो संशय.

विक्रीआधी आपल्या हातांनी केलेल्या दुरुस्तीचे पैसे वसूल होतात का, या प्रश्नाचं उत्तर इथूनच शोधायला हवं. घर विकत घेणारा माणूस आयुष्यभराची पुंजी अशा वस्तूत घालत असतो, जिच्या पोटात काय दडलंय ते त्याला दिसत नाही आणि विकणाऱ्याला मात्र ठाऊक असतं. जॉर्ज अकर्लॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हाच तिढा मांडला होता; पुढे 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की चांगला माल कोणता आणि खराब कोणता हे ओळखता येत नसेल, तर घेणारा सगळ्याच मालाला खराब धरून भाव करतो, आणि चांगला माल असलेल्याचंही नुकसान होतं. जुन्या घराचा भाव पडतो तो बहुतेक वेळा याच न दिसणाऱ्या गोष्टींपायी. गच्ची गळते का, भिंतीतली ओल कुठून येते, तडा जुना आहे की अजून वाढतोय, बांधकामाला परवानगी होती का, बहिणींची सही मिळणार का. यातल्या ज्या शंकेचं उत्तर मिळत नाही तिची किंमत गिऱ्हाईक स्वतःच ठरवतो, आणि ती दुरुस्तीच्या खर्चापेक्षा नेहमी जास्तच धरतो. त्यामुळे हाताशी मर्यादित पैसे आणि वेळ असेल, तर तो शंका फेडण्यावर घालावा. चकचकाटावर घातलेला पैसा क्वचितच परत येतो.

हे पटायला सर्वांत सोपा पुरावा बँकेचा. आज घर घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढतो, आणि बँक कर्ज देते ते आपल्या मूल्यांककाने काढलेल्या किमतीवर. तो जागेचा दर धरतो, बांधकामाचा प्रकार बघतो आणि वयानुसार घसारा वजा करतो. सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ताही असाच चालतो. त्यात परिसर, बांधकाम आणि त्याचं वय यांना जागा आहे, नव्या टाइलला किंवा स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांना नाही. समजा डागडुजी करून मालकाने घराचे 60 लाख सांगितले आणि मूल्यांककाने 52 लाख काढले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जाला किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. 60 लाखांवर ती 48 लाख झाली असती, 52 लाखांवर ती होते 41 लाख 60 हजार. वरचे 6 लाख 40 हजार गिऱ्हाइकाने खिशातून घालायचे, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी आणखी वेगळी. चाळीस-पन्नास हजारांचा पगार असलेल्या कुटुंबाला ही रक्कम उभी करणं जमत नाही, मग भाव खाली येतो किंवा सौदा फिसकटतो. अमेरिकेत दरवर्षी कोणत्या कामाचा किती खर्च विक्रीत भरून निघतो याचे अंदाज निघतात. तिथेही उंची स्वयंपाकघर नव्याने करण्याचा निम्माही खर्च परत येत नाही, असंच अलीकडच्या वर्षांत दिसतं. बाहेरचं जुनाट दार बदलण्यासारखी किरकोळ कामं मात्र खर्च भरून काढतात. लाकडी घरांच्या देशातले आकडे सांगली-साताऱ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरं. पण उंची सजावट ही मालकाची आवड असते आणि घेणाऱ्याची आवड निराळी असते, हे तर दोन्हीकडे सारखंच.

त्याही आधी गिऱ्हाईक कोण, हे ओळखायला हवं. साताऱ्याच्या शनिवार, शुक्रवार किंवा यादोगोपाळ पेठेतल्या जुन्या वाड्याला, किंवा सांगलीच्या गावभागातल्या चार पिढ्यांच्या घराला, येणारा बराचसा खरेदीदार राहायला येत नसतो. त्याला जागा हवी असते. तो रस्त्याची रुंदी विचारतो, मालमत्ता पत्रकावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागा जुळते का ते बघतो, जुना भाडेकरू किती भाडं देतो आणि निघेल का याची चौकशी करतो. अशा घराला रंग देणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. तिथे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी कायम करून घेणं, पोटमाळ्यावरची अडगळ काढणं आणि भाडेकरूशी लेखी बोलणी करणं ही खरी डागडुजी. एक इशारा मात्र द्यायला हवा. जुन्या सागवानी तुळया, खांब, कोरीव चौकटी यांना वेगळी बाजारपेठ आहे. घर पडीक दिसू नये म्हणून त्यांच्यावर तपकिरी ऑइलपेंट फासणारे मालक स्वतःच्या मालाची किंमत स्वतःच कमी करतात.

राहायला येणारं कुटुंब गिऱ्हाईक असेल, तर मात्र हातांनी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याची सुरुवात ओल ओळखण्यापासून होते. ओल सगळी सारखी नसते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्ट्यासारखी चढलेली, पोपडे सुटलेली आणि पांढरी पूड धरणारी ओल पायातून वर येते; तिला आपल्याकडे लोणा लागला म्हणतात. छताच्या कोपऱ्यात पावसाळ्यात उमटणारा आणि हिवाळ्यात वाळणारा डाग गच्चीचा. न्हाणीच्या मागच्या भिंतीवर बाराही महिने टिकणारा डाग पाइपचा. शंका असेल तर भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावं. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली. फुकटात होणारी ही परीक्षा पन्नास हजारांचा चुकीचा खर्च वाचवू शकते, कारण पायातून चढणाऱ्या ओलीवर गच्चीचं वॉटरप्रूफिंग काही करू शकत नाही आणि गळक्या पाइपवर कुठलाच महागडा रंग टिकत नाही.

जुन्या भिंतींच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडं थांबायला हवं. वाई, सातारा, मिरज इथल्या जुन्या घरांच्या भिंती दगड-विटांच्या, आणि सांधे चुन्याचे किंवा मातीचे. अशी भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. चुन्याचा गिलावा तिला ते करू देतो. लोणा लागलेला भाग दिसला की गवंडी तो खरवडून वर कडक सिमेंटचा गिलावा मारतो आणि मालक त्यावर प्लॅस्टिक इमल्शन लावतो. पहिल्या वर्षी भिंत झकास दिसते. आतली ओल मात्र कोंडते, वाट शोधत आणखी वर चढते, क्षार गिलाव्याच्या मागे साठून फुगतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात सिमेंटचे पापुद्रे विटांचे तुकडे घेऊनच खाली येतात. विकणाऱ्याला वाटेल, तोवर घर विकलेलं असेल, आपलं काय जातं? पण जुन्या घरांची माहिती असलेलं गिऱ्हाईक बोटाने ठोकून बघतं आणि पोकळ आवाज आला की जे समजायचं ते समजतं. लोणा लागलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी, बाहेरच्या बाजूने पाणी साठत असेल तर उतार काढून द्यावा, आणि चुन्याचाच गिलावा व सफेदी करावी. हे काम कमी देखणं, पण टिकाऊ, आणि शिकाऊ माणसाच्याही आवाक्यातलं.

गच्चीचं गळणं बहुतेक वेळा स्लॅबच्या मधोमध नसतं. ते सुरू होतं कठड्याच्या कडेला, जिथे भिंत आणि गच्ची मिळतात तिथला गोल वाटा फुटलेला असतो, किंवा पन्हळीच्या तोंडाशी. ती जागा साफ करून, सैल माल काढून वाटा पुन्हा भरणं आणि पन्हळीचं तोंड मोकळं करणं हे घरच्या माणसाला जमतं. नंतर पन्हळीला बोळा लावून गच्चीत दोन-तीन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून खाली छताकडे बघायचं. आधी मात्र छत वाकलेलं किंवा सळ्या उघड्या पडलेलं नाही ना, एवढी खात्री करून घ्यावी. पाण्याचं वजन कमी नसतं. छताचा गिलावा पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर घरच्या हाताने त्यावर सिमेंट थापू नये. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कितीतरी पटींनी वाढतं आणि ते वरचं काँक्रीट ढकलून पाडतं. नुसतं झाकलं तरी आत हे चालूच राहतं. तिथे अभियंत्याला बोलवावं आणि त्याचा अहवाल लेखी घ्यावा. तो कागदच पुढे गिऱ्हाइकाला दाखवता येतो.

तड्यांचंही असंच. सांगली-मिरज भागात अनेक घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा मे महिन्यात रुंदावतो आणि सप्टेंबरात मिटतो. असा तडा पुट्टीने बुजवला तर पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा हजर. तड्याच्या टोकांशी पेन्सिलीने खूण आणि तारीख लिहून ठेवली की एका वर्षात कळतं तो जिवंत आहे की मेलेला. सातारा जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर पाटण भागात तड्याकडे कुणी सहज बघत नाही. तेव्हा हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत पाडण्याची जी हौस अलीकडे व्हिडिओ पाहून येते, ती इथे जिवावर बेतू शकते. जुन्या घरांत बहुतेक भिंती वरचं वजन पेलत असतात. वायरिंगही परवानाधारकाकडूनच करून घ्यावं, विशेषतः पुराचं पाणी बोर्डांपर्यंत चढलेलं असेल तिथे. सिमेंटचे जुने पत्रे करवतीने कापू नयेत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये. रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आली ती 2017 अखेरीस, त्याआधीचे थर शिसं धरून असू शकतात.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण माणूस घर बघतो ते डोळ्यांनीच. दारातून आत पाऊल टाकताना जे वाटतं त्यावर अर्धा निर्णय होतो. हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच स्वतःचे कष्ट कुठे घालायचे ते कळतं. अडगळ हलवणं, कौलं शाकारणं, शहाबादी फरशीचा वर्षानुवर्षांचा चिकटा सोडा लावून घासणं, कुरकुरणारी दारं आणि ढिले कडी-कोयंडे नीट बसवणं, बंद पडलेले दिवे लावणं, गळके नळ बदलणं. यात पैसा कमी आणि घाम जास्त लागतो, आणि यातलं काहीच काही लपवत नाही. रंगच द्यायचा तर ओल थांबल्याची खात्री झाल्यावर, सगळ्या घराला एकसारखा, साधा. जो खर्च एखादी गोष्ट झाकण्यासाठी होतो आणि जो ती नीट दिसावी म्हणून होतो, त्या दोहोंत फरक करता आला की बाकीचे निर्णय सोपे होतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पुराची खूण, जुना तडा, दुरुस्त केलेली गळती हे सगळं आपणहून सांगितलं तर भाव पडणार नाही का? थोडा पडेल. पण तो तसाही पडणारच असतो. 2019 चं पाणी कोणत्या गल्लीत कुठवर होतं हे शेजारी सांगतात आणि खरेदीदाराचा वकील निळी आणि लाल पूररेषा बघतो. पहिली सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. शिवाय कायदा इथे विकणाऱ्याच्या बाजूने नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने न सापडणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, मग तो घरातला असो की मालकीहक्कातला. मुद्दाम रंगाखाली दडवलेला दोष उद्या कोर्टात उभा राहू शकतो. त्यापेक्षा पाण्याची खूण भिंतीवर तशीच ठेवून, नंतर वायरिंगचे बोर्ड त्या खुणेच्या वर घेतलेले दाखवणं जास्त उपयोगी. घेणाऱ्याला वाईट बातमी कळली, पण तिची हद्दही कळली.

कागदपत्रांची डागडुजी ही तर पूर्ण घरबसल्या करण्यासारखी, आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये गुंठेवारीत वसलेल्या वस्त्या मोठ्या आहेत. तिथे घर कितीही सजवलं तरी नियमितीकरणाचा कागद नसेल तर बँक दारात उभी राहत नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. ती संधी घेतलेलं आणि न घेतलेलं घर यांच्या भावात जो फरक पडतो, तो कुठल्याही फरशीने पडत नाही. साताऱ्यात 2020 मध्ये हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी, विलासपूरसारखे भाग पालिकेत आले. ग्रामपंचायतीच्या काळातल्या परवानगीचा कागद, घरपट्टीचा उतारा, मंजूर नकाशा एकत्र करून ठेवले नाहीत तर प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तीच शोधाशोध. रंग, गिलावा, फरशी अशा कामांना परवानगी लागत नाही, पण विक्रीआधी घाईने चढवलेली गच्चीवरची खोली नकाशात नसते आणि ती भावात भर घालण्याऐवजी अडचणच वाढवते.

वारसांचा प्रश्न यातच येतो. आईवडिलांच्या मागे घर चार भावंडांच्या नावावर, एक सांगलीत, दोघे पुण्यात, बहीण मुंबईला. गावात असलेला रजा काढून राबतो, साडेतीन लाख घालतो, आणि विक्रीनंतर म्हणतो, आधी माझे पैसे बाजूला काढा. हिंदू वारसा कायद्यात मुली मुलांइतक्याच वारस आहेत आणि कुणी किती घाम गाळला याचा त्यात उल्लेख नाही. कामाला हात घालण्याआधी खर्चाची कमाल मर्यादा आणि तो परत कसा मिळेल हे सगळ्यांच्या सहीने लिहून ठेवलं नाही, तर दुरुस्त झालेलं घर विकण्याआधीच भांडणात अडकतं.

राबणाऱ्याच्या मनातला भाव हाही मोठा धोका. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन एरिएली यांच्या 2012 मध्ये छापलेल्या प्रयोगांत, आयकियाची पेटी स्वतः जोडणाऱ्यांनी तिला तयार पेटी मिळालेल्यांपेक्षा 63 टक्के जास्त किंमत देऊ केली. कागदाचे वेडेवाकडे बेडूक-बगळे स्वतः घडवणाऱ्यांना आपली कलाकृती जवळपास तज्ज्ञांच्या कामाइतकी मोलाची वाटली, त्रयस्थांना मात्र ती कवडीमोल. दोन महिने स्वतः गिलावा मारलेल्या भिंतीकडे मालक असाच बघतो. म्हणून भाव कामाला सुरुवात करण्यापूर्वीच काढून घ्यावा: जवळपास नोंदलेल्या विक्रीचे आकडे इंडेक्स टूवरून बघून, किंवा मूल्यांककाकडून लेखी. काम संपल्यावर काढलेल्या भावात आपला घाम मिसळलेला असतो.

आयकरातही घामाला जागा नाही. घराच्या विक्रीतला दीर्घकालीन नफा मोजताना, 1 एप्रिल 2001 नंतर केलेला भांडवली सुधारणेचा खर्च वजा होतो. नेहमीची डागडुजी किंवा नुसता रंग होत नाही. 23 जुलै 2024 पासून या नफ्यावर 12.5 टक्के दर आहे, आणि त्याआधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तींसाठी महागाई निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्यायही ठेवला आहे. 12.5 टक्क्यांच्या हिशेबाने, 3 लाखांच्या सुधारणेची पक्की बिलं असतील तर 37,500 रुपयांचा कर वाचतो. सिमेंट, पाइप, गवंड्याची मजुरी यांची बिलं धरता येतात, आपल्या सुट्ट्यांची नाही. तेव्हा बिलं जपावीत, आणि कोणतं काम सुधारणा आणि कोणतं डागडुजी हे आधीच सीएला विचारून घ्यावं. तीच फाइल अभियंत्याच्या अहवालासह घेणाऱ्यालाही दाखवता येते.

वेळेचा हिशेबही याच तर्काने लागतो. दलाल सांगतात, घर दिवाळीनंतर दाखवा, पावसात भिंती दिसायला नकोत. ओल झाकायची असेल तर सल्ला योग्य आहे. पण गच्चीचा वाटा आणि पन्हळ एप्रिल-मेमध्ये दुरुस्त केली, जून-जुलैच्या पावसात खरंच गळत नाही याची स्वतः खात्री केली, राहिलेली जागा ऑगस्टच्या उघडिपीत पुन्हा भरली, तर त्याच महिन्यात गिऱ्हाईक बोलवायला काय हरकत आहे? छत्री बाहेर ठेवून त्याने कोरडं छत पाहिलं की गळतीबद्दल त्याला वेगळं काही विचारावं लागत नाही.